'सगळं नेटवर आहे' म्हणणाऱ्या यादीबद्दल थोडं

खडूफळा
गेल्या आठवड्यात इथे 'घरबसल्या आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यास' असा धागा आला. दहा संकेतस्थळांची यादी, खाली "आता ग्रंथालयाच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या, सगळं नेटवर आहे" असा शेरा, आणि त्यावर वाहवांचा पाऊस. तिथेच प्रतिसाद लिहायला बसलो, तो मारुतीच्या शेपटासारखा वाढला, म्हणून वेगळा धागा.

यादीत विकिपीडिया, दोन यूट्यूब चॅनेलं, कुणा निवृत्त अधिकाऱ्याचा ब्लॉग आणि सिप्री (शस्त्रव्यापाराचे आकडे ठेवणारी स्वीडनची संशोधन संस्था), सगळे एकाच पंगतीत. शेंडा ना बुडखा.

1962 चं चीन युद्धच घ्या. त्या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल आपल्या सरकारने आजही खुला केलेला नाही. नेटवर जो फिरतो तो पत्रकार नेव्हिल मॅक्सवेलने 2014 साली स्वतःच्या संकेतस्थळावर टाकलेला भाग, तोही अर्धवट. नेहरूंनी 19 नोव्हेंबरला केनेडींना दोन पत्रं पाठवून लढाऊ विमानांची 12 स्क्वाड्रन्स मागितली. ती पत्रं आपण वाचतो ती बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयाच्या कृपेने. अमेरिकेचं परराष्ट्र खातं 1861 पासून आपली कागदपत्रं खंडाखंडांनी छापतंय (एफआरयूएस), आणि 30 वर्षांच्या आत छापायचं असा 1991 चा कायदाच आहे. आपल्याकडे 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. आहे, इतकंच.

परिणाम असा की आपला पोरगा भारताच्या धोरणावर प्रबंध लिहितो आणि तळटीपा सगळ्या वॉशिंग्टनच्या. अमेरिकेचे तेव्हाचे राजदूत गॅलब्रेथ यांना त्या दिवशी दिल्ली कशी दिसली, ते आपलं परराष्ट्र धोरण! नेटवरचा प्रत्येक कागद कुणीतरी, कशासाठी तरी, मोकळा केलेला असतो. हे न सांगता लिंका वाटू नयेत.

गोदातीर
यादी माझी. वाहवा झाली हे दुखणं असेल तर त्यावर औषध नाही.

तुम्ही ज्या पायऱ्या झिजवता त्या आधी गावात असाव्या लागतात. मी नांदेडहून दीड तासावर शिकवतो. आमच्या ग्रंथालयात राज्यशास्त्राचं एक कपाट, त्याला कुलूप, किल्ली लिपिकाकडे, आणि लिपिक कायम निवडणुकीच्या ड्यूटीवर. सरकारने 'वन नेशन वन सब्स्क्रिप्शन' आणलं, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं. उत्तम. पण पहिल्या टप्प्यात ते सरकारी संस्थांना. आम्ही पडलो विनाअनुदानित. पगार अर्धा, तासिका दुप्पट आणि आता वाचायलाही बंदी. जेस्टोरवर खातं काढलं की महिन्याला 100 लेख फुकट वाचता येतात, हे माझ्या यादीतल्या चौथ्या नोंदीत लिहिलंय. पण तुम्ही यूट्यूब दिसल्यावर पुढे वाचलंच नसणार.

तळटीप
मध्येच विचारतो, माफ करा. सिप्रीच्या तक्त्यात भारताच्या शस्त्रआयातीचे आकडे टीआयव्ही दशलक्षात आहेत. मी ते डॉलर धरून प्रकरण लिहिलं. गाईड म्हणतात चूक, पण का ते सांगत नाहीत. सोमवारी द्यायचंय.

अटलांटिकपार
खडूफळा यांच्याशी निम्मा सहमत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मी रजा काढून आठ दिवस बसलो होतो. रोज मागणीच्या चिठ्ठ्या भरायच्या. बहुतेक परत आल्या, वर दोन अक्षरं: एनटी. नॉट ट्रान्सफर्ड. फाइल खात्याने अजून पाठवलेलीच नाही. नववी चिठ्ठी परत आली तेव्हा खिडकीतले गृहस्थच म्हणाले, "साहब, आप तो अमरीका में रहते हो, वहीं देख लो."

मात्र तिकडचं तरी अक्षय्य कुठे आहे? मार्च 2025 मध्ये ट्रम्प यांच्या एका आदेशाने वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटर या अभ्याससंस्थेवर कुऱ्हाड आली. शीतयुद्धाच्या अभ्यासात सोव्हिएत आणि चिनी कागदांची भाषांतरं आपण तिथूनच उचलत आलो. हवा तो कागद त्याच दिवशी उतरवून ठेवा, निदान जुनी वेबपानं जपणाऱ्या वेबॅक मशीनवर तरी.

आणि गोदातीर, तुमच्या यादीतलं पहिलं चॅनेल 'सह्याद्री धावला आणि चीन थांबला' असं सांगतं. यशवंतराव चव्हाणांनी संरक्षण खातं हाती घेतलं 21 नोव्हेंबरला. चीनचा एकतर्फी युद्धविराम त्याच दिवशी जाहीर झालेला. सह्याद्री पोचला तेव्हा मांडव उतरवायला सुरुवात झाली होती.

कऱ्हाडकर
साहेबांवर घसरायचं काम नाही. तिकडे डॉलर मोजत बसा. मोडलेली फौज उभी कुणी केली? डोंगरी डिव्हिजनं कुणाच्या काळात आली? 1 सप्टेंबर 1965 ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा हवाई दल वापरायची परवानगी त्याच दुपारी कुणी दिली? फायलीची वाट बघत बसले नव्हते.

अटलांटिकपार
1965 बद्दल मी अवाक्षर काढलं नाही. मी तारीख सांगितली. तारखेला भावना नसतात.

कऱ्हाडकर
तुम्हालाही नाहीत असं दिसतंय. माझे वडील 62 ला तेजपूरला होते. गाव रिकामं होताना त्यांनी पाहिलंय. त्यांना विचारा सह्याद्री आला तेव्हा काय वाटलं ते. तारीख म्हणे!

उगाच_एक
देशोदेशीची लोकशाही मोजणाऱ्या व्ही-डेमवर कोणी बोलेल का? 2021 च्या अहवालात भारताला 'निवडणूकयुक्त एकाधिकारशाही' म्हणणारे स्वीडनचे लोक विश्वासार्ह कसे?

खडूफळा
तज्ज्ञांच्या मतांवर काढलेला निर्देशांक आहे तो, तसाच वापरावा. पण हा विषय इथे काढलात तर धाग्याची वाट लागेल. वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

कऱ्हाडकर, साहेबांबद्दल आदर मलाही आहे. पण हेंडरसन ब्रूक्स जाहीर करता येणार नाही, हे 2 सप्टेंबर 1963 ला संसदेत सांगितलं कुणी? तुमच्या साहेबांनीच. लोकसभेच्या चर्चा संसदेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, निवेदन काढून वाचा. गोदातीर यांच्या यादीत हे संकेतस्थळ नाही, हे जाता जाता.

कऱ्हाडकर
वाचलं. शोधायला दोन तास गेले, ती शोधपेटी म्हणजे छळ आहे. साहेबांनी त्यात प्रशिक्षण, सामग्री, नेतृत्व सगळ्यातल्या उणिवा सांगितल्यात, निव्वळ झाकपाक केली नाही. अहवाल तेव्हा दाबणं समजू शकतो, चीन समोर उभा होता. आज कशाला, ते मात्र मलाही कळत नाही. याला सहमती समजू नये.

अटलांटिकपार
समजलो नाही. वडिलांच्या आठवणी लिहून ठेवा मात्र. तेजपूरच्या त्या दिवसांवर मराठीत फार कमी सापडतं, आणि ते कुठल्याच अभिलेखागारात नसेल.

संपादक
तीन प्रतिसाद उडवले आहेत. एकमेकांच्या गावांवर बोलू नये.

तळटीप
टीआयव्ही?

कऱ्हाडकर
अरे बाळा, इतक्या वेळ कोणी सांगितलं नाही का तुला. टीआयव्ही ही किंमत नव्हे. शस्त्राची क्षमता मोजायचं सिप्रीचं स्वतःचं माप आहे ते. दोन देशांत सारखंच विमान गेलं, एकाने रोख मोजले आणि दुसऱ्याला फुकट मिळालं, तरी आकडा तोच. वापरलेलं दिलं तर नव्याच्या 40 टक्के धरतात. म्हणून त्याची जीडीपीशी किंवा बजेटशी तुलना करायची नाही, फक्त वर्षावर्षांतला कल बघायचा. प्रकरणातला डॉलर काढून टाक, आलेख तसाच राहू दे. खर्च हवा असेल तर सिप्रीचाच लष्करी खर्चाचा वेगळा तक्ता आहे. 22 वर्षं तोफखान्यात होतो, निवृत्तीनंतर हेच उद्योग.

तळटीप
काका, दंडवत. गाईडनाही हेच पाठवतो, त्यांच्या पेपरातही डॉलरच आहेत.

गोदातीर
यादी दुरुस्त केली आहे. संसदेच्या चर्चा घातल्या, सिप्रीपुढे टीप दिली, सह्याद्रीवालं चॅनेल काढलं. दुसरं चॅनेल राहील. ते माझ्या मेव्हण्याचं आहे.