डॉलर हरभऱ्याचा नमुना निर्यातीत नापास झाला, कुठे चुकलं ते शोधायला मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

मी इंदूरची. घर लोकमान्य नगरात, शेत देपालपूरच्या अलीकडे, बारा एकर, सगळी काळी जमीन. (इथे आम्ही बिघ्यांत बोलतो, तुम्हाला सोपं जावं म्हणून एकरांत लिहिते.) शेती बाबांची. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून मी बघते. माझी नोकरी चालू आहे, त्यामुळे शनिवार-रविवार आणि रजेचे दिवस शेतावर, बाकीचं आमचे सालदार सांभाळतात. ते बाबांच्या वेळेपासून आहेत, मी त्यांना दादाच म्हणते.

खरिपात सोयाबीन, रब्बीत नऊ एकर डॉलर हरभरा आणि तीन एकर माळवी गहू (डुरम, म्हणजे रव्या-पास्त्याचा कडक गहू). डॉलर म्हणजे काबुली, टपोरा पांढरा. आमच्या भागात काबुली कुणी म्हणत नाही, मंडीतसुद्धा डॉलर चनाच म्हणतात.

गेल्या रब्बीत मी ठरवलं होतं की माल परदेशी जाण्यासारखा पिकवायचाच. घाटेअळीसाठी कामगंध सापळे लावले, पक्षी थांबे उभे केले, निंबोळी अर्क मारला, अळी लहान असताना संध्याकाळी एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग लावणारा विषाणू) मारलं. इमामेक्टिन हे रासायनिक कीटकनाशक एकदाच, घाटे लागताना. प्रत्येक फवारणी वहीत तारखेसकट लिहिली. पीक लवकर वाळावं म्हणून आसपास काही जण शेवटी तणनाशक मारतात, ते मी मारू दिलं नाही. त्यापायी काढणी आठ दिवस लांबली. एकरी साडेसात क्विंटल पडला, म्हणजे सगळा मिळून 67 क्विंटलच्या आसपास.

अर्धा माल मार्चअखेर मंडीत नेला. लिलावाच्या वेळी व्यापाऱ्याने मूठभर दाणे तळहातावर घेतले, अंगठ्याने पसरवले आणि "मिक्स है" एवढंच म्हणाला. शेजारच्या ढिगाला माझ्यापेक्षा क्विंटलमागे 1,400 रुपये जास्त मिळाले. मला दोन्ही ढीग सारखेच दिसत होते.

उरलेला 33 क्विंटल घरच्या कोठीत ठेवला. जूनमध्ये एका निर्यातदाराचा माणूस आला, त्याने नमुना नेला. अहवालात क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक निघालं, किलोमागे 0.04 मिलिग्रॅम. युरोपात त्याची मर्यादा 0.01. माल नापास.

मी क्लोरपायरिफॉस शेतात घातलंच नाही. वही तीनदा तपासली. बाबांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसती वही मागितली आणि डाव्या हाताने एकेक पान उलटून पाहिली.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे औषध आलं कुठून? दाणा एकसारखा कसा मिळवायचा? आणि हे सगळं आमच्या नऊ एकरांना झेपणारं आहे का, की सरळ गहू वाढवावा? एक शेजारी गव्हाचाच आग्रह धरतात, म्हणतात पास्त्यासाठी परदेशात मागणी आहे.

चाळणी

ताई, मी इंदूरजवळच्या एका ग्रेडिंगच्या कारखान्यात आहे. "मिक्स" म्हणजे काय ते आधी सांगतो.

डॉलरचा भाव काउंटवर ठरतो. एका औंसात, म्हणजे 28.35 ग्रॅममध्ये, किती दाणे बसतात तो काउंट. 42-44 म्हणजे दाणा मोठा, 58-60 म्हणजे लहान. आकडा जितका कमी तितका माल भारी. मुरलेला व्यापारी मुठीतच ओळखतो. तुमच्या ढिगात 44 चे आणि 62 चे दाणे एकत्र असतील तर तो 62 चाच भाव धरून बोली लावतो, कारण चाळायचा खर्च आणि निघणारा बारीक माल त्याच्या माथी येतो.

हे घरी बसून करता येतं. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घ्या, कोठीतल्या वेगवेगळ्या पोत्यांतून 28 ग्रॅमचे पाच-सहा नमुने मोजा आणि आकडे इथे टाका. मग बोलू.

अजून एक. फुटका दाणा किती आहे तेही बघा. सोयाबीनला लावलेल्या वेगावरच मळणी यंत्र चालवलं तर टपोरा दाणा दुभंगतो. ड्रमचा वेग कमी हवा आणि जाळी मोठी.

तापीकाठ

मी चोपडा तालुक्यातला, आम्हीही काबुली करतो. बियाणं कुठलं? घरचंच धरत आलात का? दरवर्षी ढिगातून बी काढलं की दोन-चार वर्षांत भेसळ होते, आणि दाण्यात ती लगेच दिसते. राहुरी कृषी विद्यापीठाचं कृपा (फुले जी 0517) हे वाण टपोऱ्या दाण्यासाठी आहे, अकोल्याचं पीकेव्ही काबुली-2 (काक-2) त्याहून बारीक. ही दोन्ही एका शेतात पेरून काउंट मिळायचा नाही.

पाणी किती दिलं तेही लिहा. भर फुलात पाणी दिलं तर फूल गळतं आणि झाड नुसतं पाल्याला जातं. एक पाणी फुलाच्या आधी, दुसरं घाटे भरताना. दुसरं चुकलं की शेंड्याकडचे घाटे बारीक राहतात. मिक्सचं निम्मं कारण तिथे असतं.

काळी कन्हार (धागाकर्ती)

दोघांचे मनापासून आभार.

काल रात्री जेवणाच्या टेबलावर बसून मोजलं. आईचा जुना चांदीचा काटा होता. मी वजन करायचे आणि बाबा डाव्या हाताने एकेक दाणा सरकवत मोजायचे. सहा नमुने: 47, 63, 51, 66, 58, 49. बाबा म्हणाले, हे एका शेतातलं वाटतच नाही. बियाणं घरचंच होतं, चौथं वर्ष. त्याआधी मंडीतून आणलेलं, वाण कुणालाच ठाऊक नाही.

पाण्याचंही बरोबर ओळखलंत. नऊपैकी चार एकर विहिरीपासून लांब आहेत. तिथे दुसरं पाणी पोचलं नाही, डिसेंबरात मोटर जळली होती. आणि माल एकाच खळ्यावर एकत्र केला. ते वेगळं ठेवायला हवं होतं, हे मोजताना कळलं.

फुटका दाणा फार नाही. ड्रमचा वेग दादांनी आधीच कमी केला होता.

वाफसा

मी कृषी पदवीधर, अवशेषांच्या तपासणीचं काम काही वर्षं केलं आहे. क्लोरपायरिफॉसबद्दल लिहितो.

युरोपने 2020 साली त्याची मान्यता काढली आणि मर्यादा 0.01 वर आणली. किलोमागे 0.01 मिलिग्रॅम म्हणजे दहा कोटींत एक भाग. एवढ्या बारीक पातळीला शेतात फवारलं नसलं तरी औषध सापडू शकतं. म्हणून शेताची वही बाजूला ठेवा आणि पुढची प्रश्नावली भरा. बीजप्रक्रियेला काय लावलं? आधीच्या सोयाबीनला वाळवीसाठी काही दिलं का? बारदान नवं होतं की जुनं, आणि जुनं असेल तर आधी त्यात काय भरलं होतं? कोठी कशी आहे, जमीन मातीची की फरशीची, दाराला लाकूड आहे का?

नमुना कुठून काढला हेही महत्त्वाचं. कडेच्या दोन पोत्यांतून परखी (पोत्यात खुपसायची टोकदार नळी) घालून काढला असेल तर तो सगळ्या मालाचा नमुना होत नाही.

काळी कन्हार

शनिवारी कोठी पाहून आले.

बीजप्रक्रियेला फक्त ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम. सोयाबीनला वाळवीचं काही नाही. बारदान नवं, पावती आहे.

कोठीची चौकट आणि तुळया सागवानी आहेत, आजोबांच्या वेळच्या. दादांना विचारलं तेव्हा ते सहज म्हणाले, होळीच्या आधी चौकटीला वाळवी लागली होती, म्हणून औषध मारलं, भिंतीच्या कडेने जमिनीवरही ओतलं. माल येणार म्हणून मुद्दाम कोठी साफ केली होती त्यांनी. डबा अजून कोनाड्यात होता. धूळ पुसून वाचलं: क्लोरपायरिफॉस 20 ईसी.

वहीत ते नाही, कारण वही शेताची होती. मी कोठीचं काही लिहून ठेवायला त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. पोती थेट जमिनीवर, भिंतीला टेकवून रचलेली. निर्यातदाराच्या माणसाने नमुना दारालगतच्या पोत्यांतून घेतला होता, हे दादांना पक्कं आठवतं.

दादांना फार वाईट वाटलं. मी सांगितलं की चूक माझी, त्यांनी घर राखलं.

वाफसा

अंदाजावर थांबू नका. भिंतीकडच्या पोत्यांचा एक आणि मधल्या थरातल्या पोत्यांचा एक, असे दोन वेगळे नमुने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. खर्च होईल, पण मग पुढच्या वर्षी काय बदलायचं ते नक्की कळेल. तोवर माल तिथून हलवा, लाकडी फळ्यांवर ठेवा आणि भिंतीपासून हातभर लांब रचा.

वाळवीचं मूळही बघा. अर्धवट कुजलेलं शेणखत कोठीजवळ टाकता का? ओला-कच्चा ढीग वाळवीला बोलावतो. तुम्ही तर इंदूरकर. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात तिथल्या वनस्पती उद्योग संस्थेत कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. काडीकचरा, शेण, माती, राख यांचे थर, ठरावीक ओल, ठरावीक दिवसांनी पलटणी. ढीग नीट तापून मुरला की वाळवीला खायला त्यात फारसं उरत नाही.

ओंबी

गव्हाचं मी लिहिते. आमचा डुरमचा अनुभव दहा वर्षांचा, सांवेरकडे.

इंदूरला आयएआरआयचं (भारतीय कृषी संशोधन संस्थेचं) गहू संशोधन केंद्र 1951 पासून आहे. पूसा मंगल (एचआय 8713) आणि पूसा तेजस (एचआय 8759) हे डुरम वाण तिथलेच. दाणा कडक, अंबरी, रवा पिवळा निघतो. पण परदेशी मागणी आहे एवढ्या एका वाक्यावर शेत फिरवू नका. 13 मे 2022 रोजी सरकारने गव्हाची निर्यात एका दिवसात बंद केली आणि त्यात डुरमही आला. आम्ही त्या वर्षी बोलणी करून बसलो होतो. तेव्हापासून आमचा गहू इथल्या रवा गिरण्यांना आणि दाल-बाफल्याच्या गिऱ्हाइकांना जातो, भाव बरा मिळतो.

शिवाय डुरमलाही प्रतवारी आहेच. नत्र कमी पडलं किंवा शेवटी पाणी जास्त झालं की दाण्यावर पांढरे पिठूळ डाग येतात, आणि असा दाणा रव्याला चालत नाही. म्हणजे बारकाईचं काम तिथेही चुकत नाही. तुमचे तीन एकर आहेत तेवढेच ठेवा.

चाळणी

नऊ एकर झेपतील का, तर एकट्याने निर्यात नाही झेपणार. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 24 टन हरभरा जातो. तुमचा सगळा मिळून पावणेसात टन, त्यातही चाळून निघेल तो कमी. आयात-निर्यात कोड, अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची) नोंदणी, एफएसएसएआयचा अन्नसुरक्षा परवाना, दर खेपेला फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचा) दाखला, धुरी हे सगळं पावणेसात टनांसाठी करू नका. एकाच वाणाचे, एकाच पद्धतीचे चार-पाच शेतकरी जमवा आणि निर्यातदाराशी काउंट, ओलावा, फुटक्याचं प्रमाण, अवशेष हे सगळं कागदावर लिहून सौदा करा. नमुना दोघांसमोर काढायचा, सीलबंद करायचा आणि एक भाग तुमच्याकडे ठेवायचा. मागच्या वेळी तुमच्याकडे तो भाग नव्हता, म्हणून तुम्हाला काही म्हणता आलं नाही.

आणि चाळणी करूनच माल दाखवा. 8, 9, 10 मिलिमीटरच्या गोल भोकांच्या चाळण्या लावल्या की ढीग वेगळे होतात. भाड्याने चाळून मिळतं.

काळी कन्हार

अहवाल आले. भिंतीकडच्या पोत्यांत 0.09. मधल्या थरात मोजण्याच्या मर्यादेखाली, म्हणजे मोजता येण्याइतकं नाही.

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

भिंतीकडची अकरा पोती वेगळी काढली आहेत, ती विकणार नाही. बाकीचा माल पुढच्या आठवड्यात चाळायला नेते आहे. त्याच निर्यातदाराला नवा अहवाल पाठवला. त्यांनी यंदा नको म्हटलं, पण पुढच्या हंगामाची पेरणी होण्याआधी भेटायला बोलावलं आहे.

पेरणी दिवाळीच्या सुमारास. एकाच वाणाचं प्रमाणित बियाणं घेणार, कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून आले. लांबच्या चार एकरांत हरभरा नाही, तिथे दुसरं पाणी पोचणार नसेल तर गहूही नाही, बाबांशी बोलून ठरवते. शेजारचे दोघे तयार झाले आहेत, तिसरे काकाही बहुतेक येतील. दादांनी कोठीसाठी वेगळी वही केली आहे आणि पहिल्या पानावर तो डबा कधी आणला, कधी वापरला ते आठवून लिहिलं आहे.

एक अडचण उरली. कोठीत यापुढे औषध नाही, मग भुंग्याचं काय करायचं? हवाबंद पिशव्या वापराव्यात असं एकाने सुचवलं. पण डॉलरच्या दाण्याला चोच असते, वाळला की ती चांगलीच टोचते. कुणी या पिशव्यांत काबुली चार-पाच महिने ठेवला आहे का? पिशवीला बारीक भोकं पडतात का, आणि बाहेरून बारदान घातलं तर टिकते का?