बाइंड-अ‍ॅड्रेस ०.०.०.० करा म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

साखळीकर:
म्हापसा_बिलिंग यांनी काल ‘पाच मिनिटांत दुकानाचा डेटाबेस घरच्या डीबीव्हरवर’ अशी पोस्ट टाकली. (डीबीव्हर म्हणजे डेटाबेस उघडून बघायचा प्रोग्राम.) सार असं: सर्व्हरवर मायएसक्यूएलचा बाइंड-अ‍ॅड्रेस १२७.०.०.१ (फक्त त्याच मशीनवरून) चा ०.०.०.० (बाहेरूनही) करा, युजरला होस्ट म्हणून टक्का (म्हणजे कुठलंही मशीन) द्या, राउटरवर मायएसक्यूएलचा पोर्ट ३३०६ फॉरवर्ड करा, ‘पब्लिक की रिट्रीव्हल’चा एरर आला तर ड्रायव्हर प्रॉपर्टीत ते ट्रू करा. झालं. खाली अंगठ्यांची रांग.

राग याचा की यातली प्रत्येक पायरी चालते. चालते म्हणूनच लोक ती करणार. शुक्रवारच्या बाजारात गल्ला उघडा टाकून जेवायला जाण्यातला प्रकार आहे हा. २०१७ च्या सुरुवातीला आधी मोंगोडीबी आणि मग मायएसक्यूएलचे उघडे सर्व्हर शोधून लोकांची टेबलं पुसली गेली, जागेवर राहिली ती बिटकॉइन मागणारी चिठ्ठी. कोणी ठरवून निशाणा साधला नव्हता. पोर्ट उघडा दिसला, घुसले.

आणि तो ‘ट्रू’. तो एरर का येतो ते एका ओळीत तरी लिहायचं होतं. मायएसक्यूएल ८ पासून पासवर्ड तपासायची पद्धत बदलली. एसएसएल, म्हणजे कनेक्शनचं कुलूप, नसेल तर पासवर्ड पाठवायला सर्व्हरची पब्लिक की लागते, आणि क्लायंट ती आपणहून मागत नाही, म्हणून एरर. ‘ट्रू’ केलं की तो समोरून येईल ती की मुकाट घेतो, समोर खरा सर्व्हर आहे की मधला कोणी, हे न बघता. एसएसएल चालू करा, एररच येणार नाही.

डीबीव्हरच्या कनेक्शनच्या खिडकीत एसएसएचचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत कुलूपबंद वाटेने (टनेलने) जायचा, टॅब आहे. तिथे सर्व्हरचा पत्ता, पोर्ट २२, की फाइल (पासवर्डच्या जागी चालणारी किल्ली). मुख्य टॅबवर होस्ट मात्र लोकलहोस्टच, कारण तो पत्ता टनेलच्या पलीकडच्या टोकाहून शोधला जातो. निम्मे लोक तिथे पब्लिक आयपी टाकतात आणि ‘टनेल चालत नाही’ म्हणून बोंबलतात. ३३०६ बाहेर दिसायची गरजच नाही.

म्हापसा_बिलिंग:
साखळीकर बाब, लेक्चरबद्दल आभार. माझं गिऱ्हाईक हार्डवेअरचं दुकान चालवतं, एक म्हापशाला, एक मडगावला. त्याला रात्री घरी बसून दिवसाचा हिशेब बघायचाय. दुकानात विंडोज आहे. तिथे एसएसएच कुठून आणू, आणि की फाइल म्हणजे काय हे साठीच्या शेटला कोण समजावणार? पासवर्ड वीस अक्षरांचा आहे. वर पोर्टही बदललाय. आजवर काही झालं नाही.

साखळीकर:
विंडोज १० मध्ये ओपनएसएसएच सर्व्हर ऑप्शनल फीचरमध्ये मिळतो. आणि शेटला हिशेबच बघायचाय तर फक्त सिलेक्टचा, म्हणजे वाचायचा, हक्क असलेला युजर द्या, कनेक्शनला रीड-ओन्लीची खूण करा. तुमच्या पोस्टमध्ये ‘ग्रँट ऑल’ आहे, म्हणजे सगळेच हक्क! पोर्ट बदलल्याने स्कॅनर फसत नाही, तो सगळेच पोर्ट ठोकून बघतो.

टर्मिनलवाला:
मुळात डीबीव्हर कशाला? इक्लिप्सवर बांधलेलं जावाचं धूड. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते उघडेपर्यंत चहा होतो. एसएसएचने सर्व्हरवर शिरा, मायएसक्यूएल लिहा, एंटर. टनेल नको, ड्रायव्हर नको, टॅब नको.

काणकोणकरीण:
तिघेही लाईट असलेल्या गोव्यात राहता वाटतं. माझा टनेल अगदी साखळीकर बाब सांगतात तसाच आहे. कनेक्शनला प्रॉडक्शनचा प्रकार, म्हणजे मॅन्युअल कमिट: मी कमिट दाबेपर्यंत बदल पक्का नाही आणि त्या ओळी लॉक. अपडेट चालवला आणि कमिट दाबायच्या आत लाईट गेली. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालू, पण वाड्यावरचा फायबरचा डबा मेला. तिकडे पणजीच्या ऑफिसात त्याच ओळींना हात लावणारा प्रत्येकजण ५० सेकंद ताटकळून ‘लॉक वेट टाइमआउट’ खातोय. मला फोन लावतात, तर फोनला रेंज नाही. हे कुठल्या टॅबमध्ये सुधारायचं?

पेडणेकार:
बाय, रेंज नाही म्हणून रडायचं, आणि टॉवरचा प्रस्ताव आला की ग्रामसभेत ‘रेडिएशन, रेडिएशन’ म्हणून उभं राहायचं. आमच्या गावात हेच झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर चिमण्या मेल्याचा फोटो फिरला आणि टॉवर गेला पलीकडच्या गावात.

काणकोणकरीण:
तुमच्या गावचं माझ्यावर कशाला ढकलता? आमच्या ग्रामसभेला मी स्वतः बसले होते. लोकांनी टॉवर नको म्हटलंच नाही, शाळेला लागून नको म्हटलं. दुसरी जागा सुचवली. कंपनी परत फिरकली नाही. आणि समुद्राकाठी शॅकवर बसून ‘वर्क फ्रॉम गोवा’ करणाऱ्यांना पाच दांडे रेंज. आम्ही इथलेच, आम्हाला माडावर चढायला लागतं.

पेडणेकार:
सुचवलेली जागा कोणाची होती? जमीनमालक परदेशात, सही कोण करणार? हे प्रत्येक गावात होतं, सगळ्यांना ठाऊक आहे.

काणकोणकरीण:
तुम्ही आमच्या गावात कधी पाऊल ठेवलंय? नाही ना? मग ‘सगळ्यांना ठाऊक’ बंद करा.

म्हापसा_बिलिंग:
बघा, सुरक्षेचे पुजारी पोर्टवर भांडत बसलेत आणि खरा सर्व्हर बंद पाडतो तो पाऊस. मी तेच म्हणतो, गोव्यात सोपं ठेवा.

साखळीकर:
सोपं म्हणजे उघडं नव्हे. टॉवरचं भांडण चवथीला घरी गेल्यावर काढा. बाय, तुमच्या लॉकचं कारण सांगतो. तुमचं टोक मेलं हे सर्व्हरला कळतच नाही. टनेलमुळे मायएसक्यूएलला समोर दिसतो तो त्याच मशीनवरचा एसएसएच, आणि तो जिवंत असतो. मायएसक्यूएलच्या भरवशावर राहिलात तर वेट-टाइमआउट (गप्प कनेक्शन तोडायची मुदत) मुळात २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास. एसएसएचच्या सर्व्हर कॉन्फिगमध्ये क्लायंट-अलाइव्ह-इंटरव्हल (समोरचा जिवंत आहे का हे किती सेकंदांनी विचारायचं) मुळात शून्य, म्हणजे बंद, असतो. तो ३० करा आणि काउंट-मॅक्स (उत्तर नाही तर किती वेळा विचारायचं) ३, दीड मिनिटात मेलेलं सेशन तुटेल, ट्रान्झॅक्शन रोलबॅक (अर्धवट बदल मागे), लॉक सुटले. डीबीव्हरमधला कीप-अलाइव्ह इथे कामाचा नाही, तो तुमच्या बाजूने ठोकतो. तुमची बाजूच बंद.

टर्मिनलवाला:
किंवा सर्व्हरवर टीमक्स उघडा आणि त्यात मायएसक्यूएल. लाईट गेली तरी सेशन तिकडे चालूच. परत आलात की जोडून घ्या.

साखळीकर:
आणि कमिट न केलेलं ट्रान्झॅक्शन लॉक धरून तसंच बसणार, लाईट येईपर्यंत. तिचा प्रश्नच तो होता. पण मोठा इंपोर्ट चालवायला टीमक्स बरा, तेवढं मान्य. जावाला शिव्या देण्याव्यतिरिक्तही तुम्हाला काही येतं म्हणायचं.

म्हापसा_बिलिंग:
साखळीकरांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून लॉगची व्हर्बॉसिटी ३ केली, म्हणजे नोंदी जास्त तपशिलात. तासाभरात भलत्याच देशांच्या आयपींवरून ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’च्या ओळीच ओळी. पण डिनाइडच आहेत ना? म्हणजे पासवर्ड टिकला. तरी शेटच्या पोरीला, ती फर्मागुडीला इंजिनिअरिंग करते, ओपनएसएसएच चालू करायला सांगितलंय. पोस्ट काढणार नाही. वर एक ओळ टाकीन: ‘भित्र्यांनी साखळीकरांचा धागा वाचावा.’

साखळीकर:
टाका. त्याच ओळीत ‘ग्रँट ऑल’ही खोडा.

काणकोणकरीण:
क्लायंट-अलाइव्हचं अ‍ॅडमिनला सांगितलं. म्हणाला, ‘घरून काम करायला सांगितलं कोणी?’ तेव्हा टर्मिनलवाले, तुमचंच करून बघते, निदान वाचण्यापुरतं. शंभर कॉलमचं टेबल काळ्या पडद्यावर कसं दिसतं?

टर्मिनलवाला:
क्वेरीच्या शेवटी सेमीकोलनच्या जागी बॅकस्लॅश आणि कॅपिटल जी. प्रत्येक कॉलम वेगळ्या ओळीवर, उभा.

काणकोणकरीण:
शंभर कॉलम, चारशे रेकॉर्ड, सगळं उभं. देव बरें करूं.