मदत हवी आहे: ‘गार्डन्स ऑफ द मून’ अर्ध्यात सोडणाऱ्यांसाठी काय करावं?

स्टीव्हन एरिक्सनच्या ‘मलाझन बुक ऑफ द फॉलन’ या दहा भागांच्या फँटसी कादंबरीमालिकेच्या १९९९ च्या या पहिल्या भागावरून वाचनगटात दोन तट पडलेत. एकांना आवडलं तेच, की लेखक काही समजावत बसत नाही. दुसरे म्हणतात, ‘वॉरन’ (या जगातल्या जादूचा स्रोत) म्हणजे काय हेच कळेना, तर लढाईत जीव कसा गुंतावा? तक्रार रास्त आहे. त्यात चार प्रकरणांत जरा ओळखीची झालेली माणसं पाचव्यात मागे पडतात आणि दारुजिस्तान या दुसऱ्या शहरातली नवीच मंडळी येतात. बहुतेकांचं पुस्तक इथेच मिटतं.

सुरुवातीची पात्रयादी, शेवटची शब्दसूची सुचवून झाली. पण दर पानाला मागेपुढे केलं की लय तुटते.

२४ प्रकरणं सात खंडांत आहेत, म्हणून बैठकीला एक खंड असा बेत आहे. पहिले दोन (प्रकरण १ ते ७) एकत्रच घ्यावेत का, म्हणजे शहर बदलण्याचा धक्का एकाच चर्चेत निस्तरेल? की सरळ दुसरा भाग, ‘डेडहाउस गेट्स’, आधी द्यावा? तो जास्त घट्ट बांधलेला आहे, बरीच पात्रंही नवी. पण फिडलर, कलाम, क्रोकस यांचं आधीचं सगळं तिथे गृहीत धरलंय. दहाही भाग वाचलेल्यांनी कृपया सांगा.