लायन्स क्लबला माणसं हवी आहेत

प्रेषक: चिटणीस
विषय: लायन्स क्लबची विनंती, सगळ्यांनी वाचावी

नमस्कार मंडळी,

मेलबर्नमधल्या आपल्या भागातल्या लायन्स क्लबचे अध्यक्ष गेल्या आठवड्यात मला भेटायला आले होते. गणेशोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी कम्युनिटी हॉलमध्ये खुर्च्या मांडायला पिवळी जाकिटं घातलेली जी ज्येष्ठ मंडळी येतात, ती याच क्लबची. आजवर त्यांनी आपल्या मराठी मंडळाकडे काही मागितलं नव्हतं. या वेळी मागितलं आहे, आणि तेही पैसे नव्हे, माणसं.

क्लबातले बहुतेक जण सत्तरीच्या पुढे गेलेत. दोघांचे गुडघे बदललेत, एकांना गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानाबाहेर निधीसाठी सॉसेजचा स्टॉल लावायची तारीख मिळाली आहे, पण दिवसभर तव्यासमोर उभं राहायला माणसं पुरत नाहीत. नवे सभासद आले नाहीत तर क्लब बंद करावा लागेल, असं ते शांतपणे सांगून गेले. मला मात्र ते शांतपणे ऐकता आलं नाही.

तीन गोष्टी मागितल्या आहेत: स्टॉलसाठी शनिवारी काही तास, गणेशोत्सवात जुने चष्मे गोळा करायला एक पेटी, आणि जमलं तर कायमचे सभासद. कार्यकारिणीने परस्पर ठरवण्याआधी तुमची मतं हवीत.

चिटणीस

---

प्रेषक: एक सभासद, पॉइंट कुक
विषय: उत्तर: लायन्स क्लबची विनंती

चिटणीसताई,

मोकळेपणाने लिहितो. त्या स्टॉलवरचे सॉसेज बहुतेक वेळा बीफचे असतात. आमच्या घरी ते चालत नाही, आणि आई-वडील सध्या इथेच आहेत. माझ्यासारखे मंडळात बरेच जण असतील, त्यांना अवघडल्यासारखं होईल.

दुसरं, आपली ताकद मर्यादित आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा इथून मदत पाठवताना किती धावपळ झाली, ते सगळ्यांना आठवत असेल. जे काही करायचं ते आधी गावाकडच्या माणसांसाठी करावं, असं मला मनापासून वाटतं. इथल्या लोकांकडे सरकार आहे, कौन्सिल आहे. आपल्या लोकांकडे कोण आहे?

---

प्रेषक: एक सभासद, वेरिबी
विषय: उत्तर: लायन्स क्लबची विनंती

नमस्कार,

मी या क्लबात काही वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

दादा, बीफचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो क्लबला सरळ सांगता येतो. मी स्वतः सॉसेजला हात लावत नाही आणि मला आजवर कुणी का म्हणून विचारलेलं नाही. स्टॉलवर तव्याखेरीज कितीतरी कामं असतात. पैसे घेणाऱ्याने अन्नाला हात लावायचा नाही हा नियमच आहे, त्यामुळे गल्ल्यावर एक माणूस वेगळाच लागतो. थंड पेयांच्या पेटीवर एक. पाव काढून कागदी रुमालावर ठेवायला एक. कच्चा माल पाच अंशांच्या खाली आणि शिजलेला साठ अंशांच्या वर आहे ना, हे बघायला एक. आणि कांदा! सकाळी पोतंभर कांदा चिरायचा असतो, त्यात आपल्या बायका-पुरुषांचा हात कोण धरणार? (कांदा सॉसेजच्या खाली घालायचा, वर नाही. खाली सांडलेल्या कांद्यावरून पाय घसरतो म्हणून २०१८ मध्ये बनिंग्जने तशी सूचना काढली. नव्या माणसाला हे आधी सांगावं लागतं.) शाकाहारी सॉसेजसाठी तव्याची एक बाजू राखून ठेवा म्हटलं, तर क्लबचे लोक आनंदाने ठेवतील.

आता पैशांचं. एका सॉसेजला साडेतीन डॉलर. २०२२ पर्यंत अडीच होते. तवा, गॅस आणि मांडव दुकानाचा, माल आपण आणायचा, उरलेला पैसा संस्थेचा. या पैशाचं क्लब काय करतो, ते ऐकलं तेव्हा माझा या लोकांबद्दलचा आदर दुणावला. लायन्स क्लबची दोन वेगळी खाती असतात. लोकांकडून जमवलेला प्रत्येक डॉलर सेवेच्या खात्यात जातो आणि लोकांसाठीच खर्च होतो. क्लबची वर्गणी, टपाल, बैठकीचं जेवण या सगळ्याचा खर्च सभासदांच्या खिशातून, दुसऱ्या खात्यातून. सॉसेजच्या पैशातून अध्यक्षांना साधा चहासुद्धा घेता येत नाही. ज्याने कधी कुठल्या संस्थेचे हिशेब पाहिलेत, त्याला यातली शिस्त कळेल.

आणि कामं कुठली? दृष्टी हे लायन्सचं सगळ्यात जुनं काम. शिकागोच्या मेल्विन जोन्स यांनी १९१७ मध्ये ही संघटना सुरू केली, आणि १९२५ मध्ये ओहायोतल्या अधिवेशनात हेलन केलर यांनी सभासदांना साद घातली की अंधारात असलेल्यांचे पाठीराखे व्हा. तेव्हापासून हे काम थांबलेलं नाही. मेलबर्नमध्ये नेत्रदानातून आलेली बुबुळं गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या सेवेमागे लायन्स आहेत. आपण ड्रॉवरमध्ये टाकून विसरलेले चष्मे क्वीन्सलँडमधल्या लायन्सच्या केंद्रात जातात. तिथे ते धुऊन, काचेचा नंबर मोजून, ज्या देशांत चष्मा परवडत नाही तिथे पाठवले जातात. ॲडलेडजवळ कुत्र्यांना शिकवून तयार करतात आणि बहिऱ्या माणसांना विनामूल्य देतात. दाराची घंटा वाजली, बाळ रडलं, धुराचा भोंगा झाला की तो कुत्रा मालकाला पंजाने सांगतो.

दादा, गावाकडचा मुद्दा मला तुमच्याइतकाच जवळचा आहे. पण हा क्लब इथलाच आणि गाव वेगळं, असं मला वाटत नाही. मिरजेत लायन्सच्या नावाचं नेत्र रुग्णालय उभं आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांचा मोतीबिंदू लायन्स किंवा रोटरीच्या शिबिरात निघालेला आहे. त्या शिबिरामागे कुठल्यातरी परक्या गावातली, आपल्याला कधीच न भेटलेली माणसं शनिवारी उन्हात उभी होती. आज उभं राहायची पाळी आपली आहे, असं मला वाटतं.

एक गोष्ट तर आपल्या घरांसाठीच आहे. लायन्सची एक छोटी वही मिळते. त्यात आजार, औषधं, ॲलर्जी, डॉक्टरचं नाव आणि कुणाला फोन करायचा हे लिहून ती फ्रिजवर लावून ठेवायची, म्हणजे रुग्णवाहिकेतल्या माणसांना ती लगेच सापडते. भारतातून आलेले आई-वडील दिवसा घरी एकटे असतात, आणि छातीत दुखायला लागलं तर रक्तदाबाच्या गोळीचं नाव इंग्रजीत सांगणं त्यांना जमत नाही. मंडळातल्या प्रत्येक घरात ही वही भरून लावलेली असायला हवी. मी क्लबकडून गठ्ठा आणून देईन.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. वर्षातून एकदा मंडळाने धनादेश द्यायचा आणि फोटो काढायचा, यावर आपण थांबू नये. क्लबला हात हवेत. एकट्याने अनोळखी बैठकीत जाऊन बसायला संकोच वाटतो, हे मी अनुभवलं आहे. त्यावर लायन्सच्या नियमातच वाट आहे: किमान पाच जण मिळून चालू क्लबची शाखा सुरू करता येते. शाखेची बैठक आपल्या सोयीच्या वेळी, आपलं काम आपण ठरवायचं, आणि आधार जुन्या क्लबचा. नवा क्लब काढायला वीस माणसं लागतात, शाखेला पाच पुरतात. बायकांना १९८७ पासून पूर्ण सभासदत्व आहे, त्यामुळे "माझे मिस्टर बघतील" असं म्हणू नका. स्वतः या.

---

प्रेषक: एक विद्यार्थिनी, टार्नेट

काकू, तुमची मेल आईने मोठ्याने वाचून दाखवली.

लायन्सची तरुणांसाठी लिओ क्लब नावाची शाखा असते, बारा ते तीस वर्षांच्या मुलांसाठी. आमच्या युनिव्हर्सिटीतल्या काही जणी त्यात आहेत. मंडळातली माझ्या वयाची मुलं गणपतीत नाच बसवतात आणि नंतर वर्षभर भेटत नाहीत. आम्हाला काम द्या, आम्ही येऊ. लहान मुलांबरोबरच्या उपक्रमांसाठी लागणारं वर्किंग विथ चिल्ड्रन कार्ड स्वयंसेवकांना इथे मोफत मिळतं, ते माझ्याकडे आधीपासून आहे. बाकीच्यांचे अर्ज भरायला मी मदत करीन.

---

प्रेषक: खजिनदार

दोन गोष्टी लेखी असू द्या. स्टॉल क्लबच्या नावावर, विमा क्लबचा, रोकड क्लबची. मंडळाच्या खात्यात यातला एक सेंटही येणार नाही आणि मंडळाच्या निधीतून एक सेंटही जाणार नाही. पूरनिधी जसा आहे तसाच राखीव राहील. या अटींवर माझा पाठिंबा आहे.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, हॉपर्स क्रॉसिंग

सर्वांस नमस्कार.

मी माण तालुक्यातला. दुष्काळात आमच्याकडच्या चारा छावण्या ज्याने पाहिल्यात, त्याला जनावरापुढे पेंढी पडली की मालकाच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते सांगावं लागत नाही. इथल्या लायन्सचा "नीड फॉर फीड" नावाचा उपक्रम आहे. वणवा, दुष्काळ किंवा पूर आला की शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी ट्रक भरभरून वाळलेलं गवत पाठवतात. ट्रक चालवणारे आणि गठ्ठे चढवणारे बरेचसे स्वयंसेवकच. मला हे कळलं तेव्हा मी मुलाला म्हटलं, ही आपलीच माणसं.

चिटणीस मॅडम, मी निवृत्त आहे. आठवड्याच्या मधल्या वारी माझ्याकडे वेळच वेळ असतो आणि गाडीही आहे. चष्म्यांच्या पेट्या दवाखाने, वाचनालय, देऊळ इथे ठेवणं, दर पंधरवड्याला रिकाम्या करणं, चष्मे पुसून मोडके बाजूला काढणं हे काम माझ्याकडे द्या. आमच्या सौभाग्यवतींनी त्या वहीतल्या प्रश्नांचं मराठी करून द्यायचं कबूल केलं आहे. मराठी पान मागे जोडावं, पण भरायचं मात्र इंग्रजीतच, कारण वाचणारा रुग्णवाहिकेतला माणूस आहे. मुलांनी एका रविवारी बसून आई-वडिलांची वही भरून द्यावी.

शाखेच्या पाचांत माझं नाव धरा.

---

प्रेषक: एक सभासद, पॉइंट कुक

वेरिबीच्या ताईंचं आणि काकांचं वाचलं. पूरनिधीबद्दल खजिनदारांनी स्पष्ट लिहिलं, त्याने माझी मुख्य काळजी मिटली. गावाकडची मदत आधी, हे मत माझं अजूनही आहे आणि वार्षिक सभेत मी ते मांडणार आहे. पण शनिवारी सकाळचे तास मी देतो. गल्ल्यावर बसेन. बाबाही येतो म्हणाले. त्यांनी आयुष्यभर बँकेत रोकड मोजली आहे, सुट्ट्या पैशांची काळजी नको.

---

प्रेषक: चिटणीस
विषय: शनिवारची व्यवस्था

मंडळी,

इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. ज्यांनी यादीवर न लिहिता मला थेट कळवलं, त्यांचीही नावं घेतली आहेत.

स्टॉलच्या तीन पाळ्या: सकाळी साडेआठ ते अकरा, अकरा ते दीड, दीड ते चार. तव्याचं काम क्लबचे लोक आणि ज्यांना चालतं ते सभासद करतील. बाकीच्यांना गल्ला, पाव, पेयं. कांदा आदल्या रात्री चिरायचा नाही, सकाळीच चिरायचा. सुऱ्या आणि पाट घरून आणा. पायात बंद बूट हवेत, चपला चालणार नाहीत. केस बांधलेले असू द्या. मधल्या पाळीला अजून दोन माणसं कमी आहेत.

चष्म्यांच्या पेट्यांचं काम हॉपर्स क्रॉसिंगच्या काकांकडे. वाचायचे, लांबचे, लहान मुलांचे आणि गॉगल सगळे चालतील. काचेवर खोल ओरखडे असतील तर देऊ नका.

शाखेसाठी आजपर्यंत सात नावं आली आहेत. क्लबच्या पुढच्या बैठकीला आपण सगळे एकत्र जाऊ. जेवणाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे आहेत, आणि शाकाहारी किती ते मला गुरुवारपर्यंत कळवा, म्हणजे त्यांना आधी सांगता येईल. अध्यक्षांना मी काल फोन केला. सात म्हटल्यावर त्यांनी आकडा पुन्हा विचारला.

चिटणीस