स्कूबाला जाताना गाडी उघडी ठेवायची? कायतरीच!

आठवी गल्ली: काल इथं एकानं लिहिलंय, मालवणला स्कूबाला गेला की गाडी लॉक करू नका, काचा खाली ठेवा म्हणजे चोर फोडत नाही, कॅरिबियनमध्ये बोनेरला सगळे असंच करतात. अरे बाबा, बोनेरला लोक भाड्याचा पिकअप रस्त्याकडेला लावून, खुणेचा पिवळा रंगवलेला दगड बघून तिथनंच पाण्यात उतरतात आणि गाडीत असतो एक ओला टॉवेल. आपण घाट उतरतो ते बायको, पोरं, सासू आणि चार बॅगा घेऊन. होडीत बसून किल्ल्याकडं गेलं की गाडी नजरेआड. उघडी टाकू?

डुबकीबाज: पूर्ण वाचत जावा की राव. गाडी *रिकामी करून* उघडी ठेवा म्हणलोय. गाडीच्या साध्या पॉलिसीत आतला लॅपटॉप धरत नाहीत, त्याला वेगळं ॲड-ऑन लागतंय.

आठवी गल्ली: आणि गाडीच गेली तर? क्लेमला कंपनी दोन्ही चाव्या मागते. उघडी ठेवलेली म्हणून सांगितल्यावर काय आरती ओवाळतील?

कट्ट्यावरचा: चावीचं बोला आधी. स्मार्ट चावी खाऱ्या पाण्यात नेली की वाटोळं, म्हणून मी मागच्या टायरवर ठेवलेली. परत येऊन बघतोय तर मेव्हणा गाडीत बसून चिवडा खातोय. चावी कुठं सापडली म्हणलं, तर म्हणतोय सापडली कुठं, हँडलचं बटण दाबलं, उघडलं दार! चावी जवळ आहे म्हणल्यावर गाडीला मेव्हणा काय नि चोर काय.

माहेर मालवण: एक मिनिट. मालवणला चोरांचं गाव करून टाकलंत सगळ्यांनी. माझ्या बाबांच्या अंगणात सीझनला सहा-सहा गाड्या लागतात, एमएच ०९, तुमच्या कोल्हापूरच्याच जास्त, कुणाची सुई हरवली नाही. माझी पर्स गेली ती रंकाळ्यावर! भेळ आणायला दहा मिनिटं उतरलो, तेवढ्यात मागची काच फोडलेली, पोराच्या सीटवर काचेचा चुरा, आणि पर्समध्ये लायसन्स, आरसी आणि आईचा चष्मा.

आठवी गल्ली: रंकाळ्याला नाव ठेवायचं नाही हं ताई. ते बाहेरचे असतात.

माहेर मालवण: हो का, चोर कायम बाहेरचाच. मग मालवणातले कोल्हापूरहून येत असतील, चिवला बीचवर बाटल्या टाकून गाण्यांचा डेक लावणारे येतात त्यांच्यातलेच.

कट्ट्यावरचा: बाटल्यांचा विषय कुठनं आला? आणि मासळीच्या ताटाला आमच्याकडनं जो रेट लावता ती चोरी नव्हे व्हय?

माहेर मालवण: सुरमई विकत घेऊन बघा एकदा, मग बोला.

डुबकीबाज: आरसी-लायसन्स नेताच कशाला? डिजिलॉकरमधलं २०१८ पासून चालतंय.

माहेर मालवण: आणि तो फोन डाइव्हच्या वेळी ठेवायचा कुठं, खेकड्याच्या नांगीत?

आठवी गल्ली: म्हणूनच म्हणतोय, सामान रूमवर टाका, मग डुबक्या मारा. पार्किंगवाला पैसे घेतोय आणि पावतीवर छापतोय, सामानाची जबाबदारी मालकाची. मग कसले पैसे घेतोस लेका, सावलीचे?

डुबकीबाज: बरं बाबा, तू शहाणा. शनिवारी निघालोय, काचा वर. ताई, अंगणात जागा आहे काय?

माहेर मालवण: आहे. पन्नास रुपये, डेक बंद. सामानाची जबाबदारी मालकाची.