मदत हवी आहे: बालकांच्या लिंगगुणोत्तराचा आलेख शून्यापासून काढायचा की नाही?

३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त, शाळेत भित्तिपत्रक लावायचंय. विषय: ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती. २००१ आणि २०११ च्या जनगणनेचे जिल्हावार आकडे एक्सेलमध्ये भरून झालेत. दोन्ही वेळी जिल्हे ३५च होते. पालघर २०१४ साली झाला, म्हणून तो ठाण्यातच धरलाय.

आधी स्तंभालेख काढला. शून्यापासून सुरू केला तर सगळे स्तंभ जवळपास सारखेच दिसतात. बीड ८९४ वरून ८०७ वर आला, एवढी मोठी घसरण डोळ्यांत भरतच नाही. ८०० पासून सुरू केला तर बीडचा स्तंभ जवळजवळ गायब! तिथे मुलीच नाहीत असं वाटतं. ही तर शुद्ध फसवणूक. मग नकाशा रंगवून पाहिला. त्यात मुंबई शहर ठिपक्याएवढं आणि गडचिरोली अवाढव्य. दोन वर्षांना रेघांनी जोडलं तर ३५ रेघांचा नुसता गुंता.

छपाई काळी-पांढरीच होणार, कागद ए-३. बघणारे सातवी-आठवीची मुलं आणि पालक. नवं सॉफ्टवेअर शिकायला वेळ नाही.

आता स्तंभांऐवजी प्रत्येक जिल्ह्याला दोन ठिपके, पोकळ आणि भरीव, आणि राज्याच्या सरासरीची (२०११ मध्ये ८९४) उभी रेघ असा विचार आहे. ठिपक्यांच्या आलेखात अक्ष ७८० पासून सुरू केला तर चालेल का? आणि ३५ जिल्हे कशाच्या क्रमाने लावू: २०११ च्या आकड्याच्या की घसरणीच्या?