बाकाबाईवर नाटक: १८५४ आणि १८५७ एकाच रात्रीत आणलं तर चालेल का?

महालातला पेटीवाला
राज्य नाट्य स्पर्धेसाठी नागपूरकर भोसल्यांच्या बाकाबाईवर (दुसऱ्या रघुजींची विधवा राणी) दोन अंकी नाटक लिहून राहिलो आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचे मोठे पुतळे मिरवत नेऊन जाळतात, त्यात लहानपणापासून ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडून घसा फोडला. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना फितूर झालेली बाकाबाई, एवढंच ठाऊक होतं. वाचायला बसलो अन् गडबड झाली. नागपूरचे राजे रघुजी तिसरे डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक गेले, १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. वाड्यातलं सामान हलवायची वेळ आली तेव्हा हीच म्हातारी म्हणाली, वाडा पेटवून देईन! अन् १८५७ मध्ये हीच घरच्यांना उठावापासून दूर ठेवते.

मी दोन्ही एकाच रात्रीत घेतलं. हातात पलिता, तेवढ्यात बंडाची बातमी, ती पलिता विझवते. तालमीत अंगावर काटा येतो. पण आमच्यातलाच इतिहास शिकणारा एक पोरगा म्हणतो, ही थाप आहे. (नाटकाची सुरुवात मारबतीनं. बाकाबाई गच्चीवरून स्वतःचाच पुतळा पाहते. त्यावर तो काही बोलला नाही.)

इतवारीकर
बोलणार कसा? बाकाबाई गेली १८५८ मध्ये. पिवळी मारबत १८८५ पासून निघते असं सांगतात, काळीही त्याच सुमाराची. म्हणजे तुमची गच्ची तर अजून मोठी थाप! पण मेलेली बाई मिरवणूक पाहते हे खरं नाही, हे प्रेक्षकाला बसल्या जागी कळतं. पलित्याचं कळत नाही. तो घरी जाऊन पोराला सांगेल, असंच झालं होतं म्हणून.

विंगेतली ताई
भाऊ, एका रात्रीत विझवला तर बाई घाबरली, एवढंच दिसतं. अन् मधली तीन वर्षं? राज्य गेलं, सामान गेलं, उरला दत्तक जानोजी. उठावानंतर त्याला राजाबहादूर किताब अन् देऊरची जहागीर मिळाली. बाईनं त्याच्यासाठी जीभ आवरली की खरंच इंग्रजांवर भरवसा होता, हे तुम्ही ठरवा, तिथं तुम्हाला कोणी अडवणार नाही.

पलिता पहिल्या अंकाच्या शेवटी ठेवा. सामान तरीही जाऊ द्या, प्रेक्षकांसमोर, एकेक करून. दुसरा अंक उघडेल तो रिकाम्या रंगमंचावर, कोपऱ्यात तोच विझका पलिता. ‘तीन वर्षांनंतर’ असं कोणाच्या तोंडी घालायची गरजच नाही.

पात्रं कमी करायची तर इंग्रज साहेब एकच करा. पण जपून हं. १८५४ चा रेसिडेंट मॅन्सेल खालशाच्या विरोधात होता, १८५७ ला कमिशनर प्लाउडेन. दोघांचा एक केला तर मॅन्सेलचा विरोध हरवतो. मी तरी दोन साहेब ठेवले असते, नट एकच घेऊन.

महालातला पेटीवाला
ताई, काल करून पाहिलं. सामान न्यायला दोन पोरं लावली होती. गाद्या, समया, तक्के, सगळं उचललं. बाकाबाई करणारी बाई रिकाम्या जागेत इतका वेळ गप्प उभी राहिली की मला वाटलं वाक्य विसरली. सूर द्यावा म्हणून हात पुढं केला, तर पेटी नाही. पोरांनी तीही उचलून नेली होती बाप्पा!